पाहुण्या पाखरांवरचा आळ

मी आंबिवलीचा. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड सोडते आणि टिटवाळ्याच्या आधी जिथे थांबते, ते आमचं स्टेशन. एके काळी आमच्या गावाचा दिवस एनआरसी कंपनीच्या भोंग्यावर चालायचा. २००९मध्ये कंपनी बंद पडली आणि भोंगाही थांबला. ऋतूंचं वेळापत्रक मात्र चालूच राहिलं. पावसाळा सरतो, उल्हास आणि काळू या आमच्या दोन नद्यांचं गढूळ पाणी निवळतं आणि काठावरच्या दगडांवर शेपटी वरखाली हलवत धोबी पक्षी दिसू लागतो. तो हिमालयातून, कधी त्याच्याही पलीकडून आलेला असतो. आमची आजी म्हणायची, "धोबी आला, आता गोधड्या काढा."

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पक्ष्यांचा मी अभ्यासक नाही. तरीही आज पक्ष्यांबद्दल बोलायला बसलो आहे, याला कारण माझ्या हातून झालेली एक चूक.

जानेवारी २०२१ची गोष्ट. करोनाची धास्ती अजून मनातून गेली नव्हती आणि वर्तमानपत्रांत नवी बातमी झळकली. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला बगळे मरून पडले होते. मुंबईत, दापोलीत, बीडमध्ये कावळे मेले. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या दगावल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास एका सकाळी नदीकाठी फिरताना मला एक ढोकरी मरून पडलेली दिसली. ढोकरी म्हणजे तो मातकट रंगाचा, डबक्याच्या काठी ध्यान लावून बसणारा लहान बगळा. मी प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून ती उचलली, बाजूच्या मऊ मातीत पुरली आणि घरी येऊन साबणाने हात धुतले. कुणाला काही सांगितलं नाही. कळवलं तर चार माणसं येतील, वस्तीत घबराट होईल, नाक्यावरच्या कोंबडीवाल्याचा धंदा बसेल, अशी मनाची समजूत घातली.

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात वेगळीच चर्चा चालली होती. आमच्या रेनट्रीवर रात्रीच्या वस्तीला शंभरेक बगळे येतात. "हे सायबेरियातून रोग घेऊन येतात, फांद्याच छाटून टाका," कुणीतरी म्हणालं. मी गप्प बसलो. चार दिवसांनी फांद्या छाटल्या गेल्या.

ती ढोकरी कशाने मेली, हे आता कधीच कळणार नाही. पण एक गोष्ट मला तेव्हाही ठाऊक होती. ढोकरी काय किंवा गायबगळा काय, हे सायबेरियाचे पाहुणे नव्हेत. ते बारा महिने आपल्यातच राहणारे आहेत. म्हणजे आम्ही शिक्षा केली ती पाहुण्याला नव्हे, शेजाऱ्याला. इतिहासाच्या मास्तरला हे फार लागलं. मग मी या आरोपाचा जुना कागद न् कागद वाचायला बसलो.

पाहुण्या पाखरांवरचा हा आळ बर्ड फ्लूच्याही आधीचा आहे. १९५७मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली. पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसं तापाने फणफणली, काही दगावली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आज जिला आपण एनआयव्ही म्हणतो त्या संस्थेने, त्या तापाचा विषाणू शोधून काढला. तो गोचिडीच्या चाव्यातून पसरत होता आणि रशियात, सायबेरियात आढळणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा तो भाऊबंद निघाला. मग प्रश्न पडला, सायबेरियातल्या विषाणूचा नातेवाईक सह्याद्रीच्या कुशीत आला कसा? या दोन टोकांना जोडणारी एकच गोष्ट डोळ्यांपुढे होती. दर हिवाळ्यात येणारी पाखरं. त्यांच्या पिसांत अडकून गोचिड्या आल्या असतील, असा तर्क निघाला.

हा तर्क तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि काम आलं मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे, डॉ. सालिम अलींकडे. पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचे मार्ग शोधायचे, हे सालिम अलींचं जुनं स्वप्न होतं. ते रोगाच्या निमित्ताने पुरं झालं. १९५९च्या सुमारास सुरू झालेल्या या कामात बिहारमधले पिढीजात पक्षी पकडणारे मीरशिकार सामील झाले. कच्छ, भरतपूर अशा ठिकाणी जाळी लागली. पकडलेल्या पक्ष्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढायच्या, रक्ताचा नमुना घ्यायचा, पायात ॲल्युमिनियमचं हलकं कडं अडकवायचं आणि सोडून द्यायचं. कड्यावर एक क्रमांक असे आणि इंग्रजीत एक ओळ. तिचा अर्थ एवढाच, 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.' लाखाच्यावर पक्षी हे पत्र पायात घालून उडाले.

पुढे या कामात अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागाचाही पैसा आला आणि १९७०च्या दशकात त्यावरून आपल्या संसदेपर्यंत गदारोळ झाला. पक्ष्यांच्या आडून जैविक युद्धाची तयारी तर चालली नाही ना, अशी शंका घेतली गेली. आधी संशय पाखरांवर होता, आता तो पाखरं मोजणाऱ्यांवरही आला.

आणि निष्पन्न काय झालं? पक्ष्यांनी तो ताप आणल्याचा पुरावा काही मिळाला नाही. क्यासनूरचा विषाणू रशियातल्या विषाणूच्या कुळातला असला तरी निराळा होता आणि तिथल्याच रानातला होता. जंगल तोडून माणसं आणि गुरं आत शिरली, तेव्हा गोचिडीची आणि त्यांची गाठ पडली. खटला पाखरांवर भरायला निघालो होतो, हाती आलं ते त्यांच्या प्रवासाचं टिपण. भरतपूरला कडं घातलेलं बदक हजारो मैलांवर सायबेरियात सापडतं, हे आपल्याला अशा कामातून पुराव्यानिशी कळलं.

आता बर्ड फ्लूकडे येऊ. हा रोग काल-परवाचा नाही. १८७८मध्ये इटलीत एदुआर्दो पेरोनचितो या पशुवैद्याने कोंबड्यांच्या एका भयंकर साथीचं वर्णन करून ठेवलं. हा 'कोंबड्यांचा प्लेग' म्हणजे इन्फ्लुएन्झाचाच एक प्रकार, हे कळायला १९५५ साल उजाडावं लागलं. या विषाणूच्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे असतात. एकाला एच म्हणतात, दुसऱ्याला एन. त्यांच्या क्रमांकांवरून एच५एन१, एच५एन८ अशी नावं पडतात. रानबदकं, कुरव, सुरय अशा पाणपक्ष्यांच्या आतड्यांत यातले बहुतेक प्रकार हजारो वर्षं बिनबोभाट नांदत आले आहेत. बदकाला त्याचा फारसा त्रास होत नाही. विष्ठेतून विषाणू पाण्यात उतरतो, थंड पाण्यात बरेच दिवस टिकतो आणि दुसऱ्या बदकाच्या पोटात जातो. विषाणू आणि बदक यांच्यातला हा जुना समझोताच म्हणा.

हा समझोता मोडतो तो कोंबड्यांच्या खुराड्यात. एच५ किंवा एच७ जातीचा सौम्य विषाणू पाळीव कोंबड्यांत शिरला, की तिथे फिरता फिरता तो कधी कधी जहाल बनतो. याचं कारण समजायला सोपं आहे. रानात आपल्या यजमानाला झटपट मारणारा विषाणू त्याच्याबरोबर स्वतःही संपतो, कारण पुढचा पक्षी लांब असतो. पोल्ट्रीच्या शेडमध्ये पुढची कोंबडी वीतभर अंतरावर असते. एकाच वयाच्या, एकाच वाणाच्या हजारो कोंबड्या एका छपराखाली असल्या, की मारक विषाणूला मोकळं रान मिळतं.

आज जगभर धुमाकूळ घालणाऱ्या एच५एन१च्या घराण्याचा मूळपुरुष १९९६मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका पाळीव हंसात सापडला. १९९७मध्ये हाँगकाँगमध्ये हा विषाणू थेट माणसांत आला. १८ जणांना लागण झाली, त्यातले ६ दगावले. तिथल्या सरकारने शहरातल्या सुमारे १५ लाख कोंबड्या मारून ती साथ थोपवली. तरीही विषाणू दक्षिण चीनमध्ये पाळीव बदकांत, बाजारांत घुटमळत राहिला आणि पुढल्या काही वर्षांत आग्नेय आशियात पसरला. तोवर हे प्रकरण मुख्यतः कोंबड्या-बदकांचं आणि बाजाराचं होतं.

२००५च्या वसंतात चित्र पालटलं. चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर ६,०००च्या वर रानपक्षी मेले. त्यात मोठा भरणा होता पट्टकादंब हंसांचा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतो. जायकवाडीला, उजनीला हौशी लोक दुर्बीण घेऊन जातात ते याला पाहायला. म्हणजे पाळीव पक्ष्यांत जहाल झालेला विषाणू आता रानपाखरांत परतला होता. पाखरांनी तो माणसाला दिला म्हणावं, की माणसाने पाखरांना? चिंगहाईनंतर तो सायबेरिया, कझाकस्तान, युरोप, आफ्रिका असा काही महिन्यांत पसरला.

आणि मग आलं नवापूर. नंदुरबार जिल्ह्यातलं हे गाव सुरत-भुसावळ मार्गावर आहे. तिथल्या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, म्हणून ते अनेकांना ठाऊक असतं. तिथे पोल्ट्रीच्या शेडी दाटीवाटीने उभ्या होत्या. २००६च्या सुरुवातीला कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा मालकांना वाटलं की नेहमीचा राणीखेत रोग असेल. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा निर्वाळा आला, एच५एन१. भारतातली ही पहिली साथ. पाठोपाठ जळगाव जिल्ह्यातल्या सावदा आणि आसपासच्या गावांत, सीमेपलीकडे गुजरात-मध्य प्रदेशात ती निघाली. एकूण सुमारे १० लाख कोंबड्या मारण्यात आल्या. अंगभर पांढरा पोशाख, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा. करोनानंतर आपल्या ओळखीचा झालेला तो वेश आपल्यातल्या अनेकांनी पहिल्यांदा पाहिला तो नवापूरच्या फोटोंत. नवापूरच्या माणसांत लागण आढळली नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पण रेल्वेने जेवणातली कोंबडी बंद केली, अंडी कवडीमोल झाली आणि कर्ज काढून शेड बांधलेली माणसं रिकाम्या शेडीकडे बघत बसली. पंधरा वर्षांनी, २०२१मध्ये, नवापूरला हेच पुन्हा भोगावं लागलं.

विषाणू नवापुरात आला कुठून? त्याचं घराणं चिंगहाईचं होतं, हे तपासणीत दिसलं. उकाई धरणाचं पाणी तिथून जवळ, त्यावर हिवाळी बदकं उतरतात. म्हणून बोट पाखरांकडे गेलं. पण राज्याच्या वेशीवरून मालमोटारीही रात्रंदिवस जात होत्या. अंड्यांचे ट्रे, पिंजरे, खाद्याची पोती, कोंबडीखत, या शेडमधून त्या शेडमध्ये जाणाऱ्या कामगाराच्या चपला. गुन्ह्याच्या जागी दोन वाटा होत्या, एक पंखांची आणि एक चाकांची. पहिला शिरकाव कुठल्या वाटेने झाला, ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. पण एकदा आत आल्यावर एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये विषाणू नेण्यासाठी रानबदक लागत नाही. तिथे माणूस पुरतो.

इथे पाखरांची बाजू घ्यायची म्हणून मी खोटं बोलणार नाही. लांबचे पल्ले विषाणूने पंखांवरून गाठलेले आहेत. २०१४-१५मध्ये एच५एन८ आशियातून युरोपात आणि उत्तर अमेरिकेत गेला तो स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांमार्फत, असं अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी जनुकं जुळवून आणि उड्डाणाचे मार्ग ताडून २०१६मध्ये मांडलं. २०२१च्या अखेरीस एच५एन१ अटलांटिक ओलांडून कॅनडात पोहोचला, पुढे दक्षिण अमेरिकेत आणि २०२३मध्ये अंटार्क्टिकाच्या परिसरात. तिथे कोणाच्या कोंबड्यांचा ट्रक गेला नव्हता. आजारी हंस फार उडत नाही हे खरं, पण काही बदकं विषाणू बाळगूनही धडधाकट उडू शकतात.

पण चाकांची बाजूही तितकीच खरी आहे. २००४मध्ये ब्रसेल्सच्या विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानात थायलंडहून चोरून आणलेले दोन गरुड सापडले. दोघांनाही एच५एन१ झालेला होता. पंख असलेले पक्षी विमानाने आले होते! आणि सगळ्यात जास्त भोगलं कुणी, तर पाखरांनीच. जानेवारी २०२१मध्ये, आमच्या रेनट्रीच्या फांद्या छाटल्या जात होत्या त्याच दिवसांत, हिमाचलच्या पोंग धरणावर ४,०००हून अधिक पक्षी मेले. बहुतेक सगळे पट्टकादंब. हजारो किलोमीटर उडून हिमालय पार केलेले.

त्यानंतर ही साथ आमच्या रेल्वेमार्गावर येऊन ठेपली. फेब्रुवारी २०२२मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात शंभरेक कोंबड्या अचानक मेल्या. तपासणीत एच५एन१ निघाला. एक किलोमीटरच्या परिसरातल्या सुमारे २५ हजार कोंबड्या मारण्याचा निर्णय झाला. तेव्हा सकाळच्या लोकलमध्ये शहापूरकडच्या एका ओळखीच्या माणसाची भेट झाली. घरामागे पन्नास-साठ गावठी कोंबड्या पाळणारा हा साधा माणूस. त्याचं घर त्या एक किलोमीटरच्या आत पडलं होतं. मला वाटलं, तो चिडलेला असेल. तो म्हणाला, "मास्तर, माझ्या कोंबड्या चांगल्या होत्या. दिल्या. वाईट वाटलं, बायको दोन दिवस जेवली नाही. पण ज्याने पहिल्यांदा कळवलं त्याला शिव्या कशाला द्यायच्या? त्याने लपवलं असतं तर तालुका गेला असता."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. पन्नास कोंबड्यांचं नुकसान सोसलेला माणूस मला हे सांगत होता आणि मी, ज्याचं काही जाणार नव्हतं, एक मेलेली ढोकरी मातीत दडवून मोकळा झालो होतो.

दोन्ही गोष्टी एकाच भीतीतून येतात, असं मला वाटतं. रोगाची बातमी लपवणं आणि रोगाचा दोष पाखरावर ढकलणं. दोन्हींत आपल्याला काही करावं लागत नाही. फांदी तोडली की कर्तव्य झालं. पण फांदी तोडल्याने बगळे मरत नाहीत, ते दुसऱ्या वस्तीत जातात, आणि विषाणू असलाच तर तोही त्यांच्याबरोबर पांगतो. जाणकार म्हणतात की अशा वेळी पक्ष्यांना हुसकावू नका, ते याचसाठी. करण्यासारखं आहे ते शेडमध्ये. रानपक्ष्यांना आत येऊ न देणारी जाळी, दारातलं जंतुनाशक, बाहेरच्या चपला बाहेर, बदकं आणि कोंबड्या वेगळ्या, आणि मर सुरू झाली की त्याच दिवशी खबर. खाणाऱ्यांनी मांस आणि अंडी नीट शिजवली, की ७० अंशांच्या उष्णतेत हा विषाणू टिकत नाही.

हे सगळं आता जास्त तातडीचं झालं आहे. डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, त्यांच्यात एच५एन१ सापडला. त्याच वर्षी अमेरिकेत तो दुभत्या गायींत शिरला. त्याआधी २०२१मध्ये दिल्लीत एका लहान मुलाचा या विषाणूने बळी घेतला. आपल्या देशातला तो पहिला. माणसाकडून माणसाकडे तो अजून सहज पसरत नाही. तसा पसरायला लागलाच, तर पहिली कुणकुण प्रयोगशाळेला लागणार नाही. ती लागेल कुठल्या तरी नदीकाठी, कुठल्या तरी परसात, मेलेला पक्षी पाहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला.

गेल्या हिवाळ्यात आमच्या नदीकाठी एक कावळा मरून पडलेला दिसला. या वेळी मी त्याला हात लावला नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन जागा सांगितली. माणूस आला, हातमोजे घालून कावळा घेऊन गेला. पुढे समजलं, बर्ड फ्लू नव्हता. माझा अर्धा दिवस गेला, एवढंच. रेनट्रीला नव्या फांद्या फुटल्या आहेत आणि संध्याकाळी बगळे परत येऊ लागले आहेत.

आंबिवलीहून मुंबईला जाताना ठाण्याच्या अलीकडे एक स्टेशन लागतं. आमची गाडी बहुतेक वेळा तिथे न थांबता निघून जाते, पण पाटी दिसते. त्यावरची तीन अक्षरं मी आयुष्यभर वाचत आलो. आता ती दिसली, की सालिम अलींनी पाखरांच्या पायांत घातलेल्या त्या कड्याची आठवण होते. कड्यावरच्या ओळीत कुणावर आळ नव्हता. एक साधी विनंती होती आणि ती आमच्या स्टेशनच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. कळवा.